नोंदवही आणि जीव



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. काल ह्याच व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या संगीतावर आहे, आणि मध्येच हा कामगार चळवळीतला माणूस द्रवरूप नैसर्गिक वायूच्या कारखान्यातल्या नोंदवह्यांवर बोलायला उभा. रजिस्टर हा काय ऐकण्याचा विषय आहे? तो तर कारकुनाने भरायचा आणि तपासनिसाने सही करून मिटून ठेवायचा विषय. पण मी आज एवढेच सांगणार आहे, की कारखान्यातली नोंदवही ही कारकुनी बाब नाही. तिच्यात माणसांचे जीव असतात, आणि ते जीव केवळ आत काम करणाऱ्यांचे नसतात. भिंतीबाहेर राहणाऱ्यांचेही असतात.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असेही समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी असा वायू जहाजातून उतरवून घेणारा कारखाना २०१३ सालापासून आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर दहेज येथे २००४ साली आणि हजिरा येथे २००५ साली असे कारखाने सुरू झाले. आपल्या स्वयंपाकघरात नळाने येणारा वायू आणि शहरातल्या बसगाड्या व रिक्षा ज्यावर धावतात तो वायू, ह्यांतला काही भाग परदेशातून अशाच रीतीने द्रव होऊन येतो. शेगडी आपण पेटवतो, म्हणून त्या वायूच्या मागे कोण जागत बसले आहे हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते साध्या शब्दांत सांगतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंशांच्या आसपास थंड केला की पाण्यासारखा द्रव होतो, आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होते. सहाशे घागरींत मावेल इतका वायू एका घागरीत! म्हणून तो जहाजात भरून समुद्रापार नेता येतो. हा द्रव स्वतः बॉम्बगोळा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो उघड्यावर सांडला तर उकळून त्याची वाफ होते, आणि ती वाफ हवेत साधारण शेकडा ५ ते १५ ह्या प्रमाणात मिसळली तरच पेट घेते. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तरी पेटत नाही. परंतु ह्या द्रवाच्या तीन खोडी आहेत. एक, त्याच्या थंडीने साधे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. दोन, आरंभीची वाफ इतकी थंड असते की ती हवेपेक्षा जड होऊन जमिनीलगत सरपटत जाते, सखल जागा शोधते. तीन, तो द्रव दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या नळात अडकला आणि बाहेरची ऊब त्याला लागली, तर तो फुगतो, उकळू पाहतो, आणि वाट न मिळाल्यास नळ फोडतो. ह्या तीन खोडींनी काय केले ते आता पाहू.

अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचे शहर आहे. तेथील गॅस कंपनीने हिवाळ्यातल्या वाढत्या मागणीसाठी १९४१ साली वस्तीला लागूनच द्रवरूप वायूच्या तीन गोल टाक्या उभारल्या. युद्धकाळात मागणी वाढली, तेव्हा चौथी टाकी बांधली. ती गोल नव्हती, नळकांड्याच्या आकाराची होती. आतल्या भिंतीला जे पोलाद वापरले त्यात निकेलचे प्रमाण शेकडा साडेतीन होते. आज अशा टाक्यांना शेकडा नऊ निकेलचे पोलाद वापरतात. त्यावरून ते पोलाद ह्या थंडीला कसे अपुरे होते हे ध्यानात येईल. ही टाकी पहिल्यांदा थंड करताना तिच्या तळाला तडा गेला. तो दुरुस्त केला आणि टाकी कामाला लावली. तडा का गेला, ह्याचा मुळापर्यंत शोध घेऊन मग टाकी भरली असती तर गोष्ट निराळी होती.

२० ऑक्टोबर १९४४, शुक्रवारची दुपार. ती टाकी फुटली. थंड द्रव रस्त्यावर आला, गटारांच्या झाकणांतून खाली उतरला, आणि गटारांतून घरांच्या तळघरांत शिरला. मग पेटला. रस्त्यांवरची लोखंडी झाकणे उडाली. जवळच्या गोल टाकीचे पाय आगीच्या धगीने दुमडले, आणि सुमारे वीस मिनिटांनी तीही कोसळली. त्या दिवशी १३० माणसे मेली. ७९ घरे आणि दोन कारखाने नाहीसे झाले. मेलेल्यांत कारखान्यातले होते, तसे घरात बसलेलेही होते. अमेरिकेच्या खाण खात्याने चौकशी करून १९४६ साली अहवाल दिला. त्यानंतर त्या देशात पुढची वीसेक वर्षे ह्या धंद्याचे नाव काढायला लोक धजावत नव्हते.

मंडळी, त्या टाकीच्या तळाचा तडा ही एक नोंद होती. पोलादाने आपल्या भाषेत ती लिहिली होती: "मला ही थंडी सोसत नाही." ती नोंद माणसांनी वाचली, पण तिच्यातून पुढचा प्रश्न विचारला नाही. नोंद करणे हे अर्धेच काम आहे. ती वाचून काहीतरी बदलणे हे उरलेले अर्धे.

ह्या धंद्याचे नियम अशा राखेतून तयार झाले. अमेरिकेतील अग्निसंरक्षण संघटनेने १९६७ साली पहिले मानक काढले, आणि १९८० साली तेथील सरकारने सक्तीचे नियम केले. त्या नियमांतील नोंदींचा भाग मी मुद्दाम वाचला. वकिली भाषा बाजूला ठेवली तर तो आपल्या गिरणीतल्या जुन्या फोरमनच्या शहाणपणासारखाच आहे. प्रत्येक यंत्रभागावर कोणत्या तारखेला कोणत्या प्रकारची दुरुस्ती वा देखभाल केली हे लिहा, आणि ते कागद कारखान्यातच ठेवा, किमान पाच वर्षे. संरक्षक व्हॉल्व्ह, म्हणजे एरवी स्वस्थ बसलेले पण संकटात उघडायचे ते व्हॉल्व्ह, दर वर्षी तपासा, आणि दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून अधिक अंतर पडू देऊ नका. कामगाराला काय शिकवले त्याची नोंद ठेवा, आणि तो त्या कामावरून गेल्यानंतरही एक वर्ष ती जपा.

पंधरा महिन्यांची ही अट मला फार आवडली. नुसते "दर वर्षी" म्हटले असते, तर एखाद्या हुशार व्यवस्थापकाने ह्या वर्षीची तपासणी जानेवारीत आणि पुढल्या वर्षीची डिसेंबरात केली असती. कायद्याचे अक्षर पाळले, आणि व्हॉल्व्ह तेवीस महिने तसाच! नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

आता कोणी म्हणेल, अहो, कागदावर लिहिल्याने का कुठे स्फोट टळतात? टळतात, आणि ते कसे ह्याचे उदाहरण इटलीत आहे. १९७१ साली ला स्पेझिया बंदरात एका टाकीत जुना द्रव होता. त्याच्या खाली नव्या जहाजातला, अधिक जड व अधिक उबदार द्रव भरला गेला. दोन थर दुधावर साय धरावी तसे एकमेकांवर राहिले. काही तासांनी थरांचे वजन सारखे झाले आणि ते एकाएकी एकमेकांत मिसळले. खालच्या थरात कोंडलेली ऊब एकदम मोकळी झाली, वाफेचा लोट उठला आणि संरक्षक व्हॉल्व्हमधून बराच वेळ वायू बाहेर पडत राहिला. त्या टाकीबाहेर कोणी उभा राहून पाहिले असते तर आदल्या घटकेपर्यंत सारे शांत दिसले असते. परंतु टाकीत वेगवेगळ्या उंचीवर तापमान आणि घनता मोजून ओळीने लिहिली, तर थर वेगळे पडत आहेत हे आधी कळते, आणि पंपाने द्रव ढवळून संकट टाळता येते. ला स्पेझियानंतर जगभर हे मोजणे सुरू झाले. एकटा आकडा मुका असतो. दहा आकडे एका ओळीत मांडले की ते बोलू लागतात. वैद्य नाडी एकदा पाहून थांबत नाही, कालची आणि आजची ताडून पाहतो, तसेच हे.

आता आपल्याच काळातली गोष्ट. अमेरिकेत टेक्सास राज्यात क्विंटाना बेटावर फ्रीपोर्टचा कारखाना आहे. हा वायू द्रव करून परदेशी पाठवणाऱ्या त्या देशातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक. ८ जून २०२२ ह्या दिवशी, दुपारी बाराच्या आत, तेथे टाक्यांकडून धक्क्याकडे जाणारा अठरा इंची नळ फुटला आणि आगीचा गोळा उठला. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण कारखाना पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत बंद राहिला, आणि युरोपात वायूची टंचाई असताना जगाच्या बाजारात त्याचे हादरे बसले.

बाहेरच्या तज्ज्ञांनी चौकशी केली, तेव्हा काय निघाले? त्या नळाचा एक तुकडा दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकला होता आणि आत द्रव राहिला होता. मी मघाशी तिसरी खोडी सांगितली, तीच ही. अशा तुकड्याच्या रक्षणासाठी तेथे संरक्षक व्हॉल्व्ह होता. परंतु त्या व्हॉल्व्हकडे जाणारी वाट बंद करणारा हाताचा एक व्हॉल्व्ह असतो. संरक्षक व्हॉल्व्ह तपासताना तो बंद करतात आणि तपासणी झाली की उघडतात. तो उघडायचा राहिला. रखवालदार होता, पण त्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावलेली होती. द्रव हळूहळू तापला, फुगला, आणि नळ फुटला.

चौकशीने एवढ्यावर थांबून "अमक्याने कडी काढली नाही" असा ठपका ठेवला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो हाताचा व्हॉल्व्ह उघडाच राहावा म्हणून आपल्या विजेच्या मीटरला असतो तसा तारेचा शिक्का लावण्याची आणि त्या शिक्क्याची नोंद ताडून पाहण्याची पद्धत तेथे धड नव्हती. कोणता व्हॉल्व्ह बंद केल्याने नळात द्रव कोंडला जाईल, हे लेखी कार्यपद्धतीत बांधलेले नव्हते; ते कामगाराच्या मर्जीवर सोडले होते. नळ तापत असल्याचा इशारा देणारी घंटा वाजायला हवी तेव्हा वाजली नाही. आणि शेवटी, माणसे थकलेली होती. जादा कामाचे तास फार झाले होते, आणि थकवा हेही एक कारण म्हणून चौकशीत नोंदले गेले.

बंधूंनो, मी आयुष्यभर ओव्हरटाइमच्या हिशोबावर भांडत आलो. मालक म्हणे, हा पैशाचा प्रश्न आहे. कामगारही कधी कधी म्हणे, हा पैशाचा प्रश्न आहे, चार पैसे जास्त मिळतात तर मिळू द्या. पण हजेरीपट ही सुद्धा सुरक्षेची नोंदवही आहे! कोणता माणूस सलग किती तास जागा होता हे तिच्यात लिहिलेले असते. व्हॉल्व्हची वही एका कपाटात आणि हजेरीपट दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही एकत्र उघडून पाहायचे कोणाला सुचत नाही. अपघात मात्र दोन्ही कपाटांच्या मध्ये उभा असतो.

आता नोंदवही खोटे कसे बोलते ते सांगतो. ती दोन प्रकारांनी खोटे बोलते.

पहिला प्रकार आकड्याचा. एका रासायनिक कारखान्यात आमच्या युनियनच्या कामासाठी मी रात्रपाळीला गेलो होतो. पहाटेचे तीन वाजले होते. टेबलावरचे लॉगबुक सहज पाहिले, तर सकाळी सहापर्यंतचे आकडे भरून तयार! मी त्या पाळीच्या माणसाला विचारले, हे काय? तो म्हणाला, "भाऊ, वेगळा आकडा लिहिला की साहेब विचारतो, का वेगळा? सारखा लिहिला की कोणी विचारत नाही." ह्या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. तो माणूस आळशी नव्हता. वाईट बातमी लिहिणाऱ्याला शिक्षा आणि चांगली बातमी लिहिणाऱ्याला शांतता, असा जेथे कारभार असतो, तेथे वही चांगल्याच बातम्यांनी भरते. राजदरबारात जे घडत असे तेच लॉगबुकात घडते.

असाच एक प्रकार "अपघाताविना इतके दिवस" ह्या फाटकावरच्या पाटीचा. पाटी वाईट नव्हे. पण त्या आकड्यावर बक्षीस लावले की काय होते? एका ठिकाणी वाफेने हात भाजलेल्या माणसाला आठ दिवसांची रजा लिहून दिली, आणि पाटीवरचा आकडा वाढत राहिला. हात भाजलेला होता. कागदावर तो गावी गेलेला होता. त्या दिवशी वाफ जिथून सुटली ती गळती मात्र गावी गेली नव्हती. ती तेथेच राहिली, पुढच्या माणसाची वाट पाहत.

दुसरा प्रकार अधिक सभ्य आणि म्हणून अधिक घातक. तो रकान्याचा. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन बेटावर द्रवरूप वायूची एक प्रचंड काँक्रीटची टाकी होती. तिच्या आतल्या अस्तराला गळती लागली म्हणून ती रिकामी केली, आणि महिनोन्‌महिने आत दुरुस्तीचे काम चालू होते. १० फेब्रुवारी १९७३ रोजी आत माणसे काम करीत असताना अस्तराने आणि त्यामागच्या फोमच्या थराने पेट घेतला. आतली हवा तापून दाब वाढला, काँक्रीटचे छप्पर उचलले गेले आणि परत खाली कोसळले. आत असलेल्या चाळीस कामगारांचा अंत झाला.

त्यानंतर वाद निघाला, की हा वायूचा अपघात म्हणायचा की बांधकामाचा? टाकी तर रिकामी होती, मग तो बांधकामाचा, असे धंद्यातल्या कित्येकांनी धरले. म्हणून ह्या धंद्याच्या अपघातांच्या काही याद्यांत हे चाळीस जण आपणांस सापडतील, काहींत सापडणार नाहीत. मेलेला माणूस मेलाच. पण तो कोणत्या रकान्यात मेला ह्यावरून धंद्याची अब्रू ठरते. "रिकामी" हा शब्द टाकीवर लिहिला की टाकी रिकामी होत नाही, आणि "बांधकाम" हा शब्द रजिस्टरवर लिहिला की मृत्यू दुसऱ्याचा होत नाही.

आपल्याकडे ह्या रकान्याचे नाव "कंत्राटी" असे आहे. कारखान्याच्या पगारपत्रकावर जो आहे त्याचा अपघात कारखान्याचा, आणि ठेकेदाराच्या माणसाचा अपघात ठेकेदाराचा. टाकी साफ करायची, रंग द्यायचा, वेल्डिंग करायचे, फलाट बांधायचा, ही सर्वांत धोक्याची कामे बहुधा ठेकेदाराचीच माणसे करतात. त्यांच्या प्रशिक्षणाची नोंद कोणाच्या कपाटात? कामाचे परमिट इंग्रजीत, सही करणारा बिहारचा वा मराठवाड्याचा, आणि त्याला ते वाचून दाखवायला कोणाला सवड नाही. मी मालकांना नेहमी म्हणतो, ज्या कागदावर माणसाची सही घेता तो त्याला कळेल अशा भाषेत असू द्या. नाहीतर ती सही संमतीची नव्हे. ती उद्याच्या चौकशीत त्याच्याच गळ्यात अडकवायची दोरी आहे.

ह्यावर मालकपक्षाचे म्हणणे मी ऐकले आहे, आणि ते सगळेच खोटे नाही. ते म्हणतात, तुम्ही कागद वाढवत जाता, मग माणूस यंत्राकडे पाहील की कागद भरील? बरोबर आहे. चाळीस रकान्यांची वही दर तासाला भरायला लावली, तर ती बसल्या जागी भरली जाईल. म्हणून मी अधिक नोंदी मागत नाही. खऱ्या नोंदी मागतो. वहीची परीक्षा मी तीन प्रश्नांनी करतो. ज्याने पाहिले त्यानेच लिहिले काय? पाहिले त्याच वेळी लिहिले काय? आणि वाईट आकडा लिहिला तेव्हा पुढे काय झाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हस्ताक्षरावरून आणि शाईवरून मिळतात. आता संगणक आले आहेत, तेथे वेळ आपोआप उमटते. पण यंत्राजवळ न जाता बटण दाबता येतेच. तिसरा प्रश्न खरा. ज्या वहीत वर्षभर एकही वाईट आकडा नाही, एकही "हे बरोबर वाटत नाही" असे वाक्य नाही, त्या कारखान्यात सर्व ठीक आहे असे समजू नका. तेथे माणसे घाबरलेली आहेत असे समजा.

आणि लिहिलेले वाचले गेले नाही तर काय होते, ह्यासाठी परदेशात जायची गरज नाही. भोपाळ आपल्याच देशात आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे वायू सुटला, तो हा वायू नव्हता, विषारी होता. पण गोष्ट तीच. विषारी द्रव थंड ठेवणारे यंत्र बंद होते. वायू जाळून टाकणारा मनोरा नळ गंजल्यामुळे जोडलेलाच नव्हता. वायू धुऊन काढणारी यंत्रणा तयारीत नव्हती. कंपनीच्या स्वतःच्या तपासनिसांनी १९८२ साली दोष लिहून दिले होते. त्याच सुमारास राजकुमार केसवानी ह्या स्थानिक पत्रकाराने शहराला वारंवार लेखी सावध केले होते. कागद होते! वाचणारे होते, ऐकणारे नव्हते.

भोपाळनंतर देशाने कायदे केले. कारखाना कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्यात कामगारांचा वाटा असलेली सुरक्षा समिती हवी. धोका जवळ आला असे वाटल्यास तो वरिष्ठांच्या ध्यानात आणून देण्याचा कामगाराला हक्क आहे. आपल्या आरोग्याची आणि सुरक्षेची माहिती मिळवण्याचा हक्क आहे, ही तत्त्वे त्यात आली. आता तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत सामावला गेला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यातल्या कित्येक गोष्टींवर आम्हा कामगार संघटनांचे मतभेद आहेत. तो आजचा विषय नाही. धोकादायक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम तर आपणां नागरिकांसाठीच आहेत. कारखान्याने आपल्या आतल्या संकटाची योजना लिहून ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम करावी; भिंतीबाहेरच्या संकटाची योजना सरकारी अधिकाऱ्यांनी करावी आणि वर्षातून एकदा तरी तिची तालीम घ्यावी; आणि आसपासच्या लोकांना धोक्याचे स्वरूप व त्या वेळी काय करावे हे आधी कळवावे, असे ते नियम सांगतात. पेट्रोलियम व स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेचे केंद्रीय कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे, आणि द्रवरूप वायूच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र मानके देशात आहेत.

म्हणजे कायदा नाही असे कोणी म्हणू नये. कायदा आहे, विचारणारा नाही. मी आपणांस विचारतो: आपल्या जिल्ह्यातल्या धोकादायक कारखान्याची बाहेरच्या संकटाची तालीम गेल्या वर्षी कोणत्या तारखेला झाली, हे ह्या सभागृहात कोणाला सांगता येईल? भोंगा वाजला तर घराबाहेर पळायचे की दारे लावून आत बसायचे, हे आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ठाऊक आहे काय? नगरपालिकेच्या अग्निशमन दलाच्या माणसाला कोणी सांगितले आहे काय, की ह्या द्रवाच्या साचलेल्या तळ्यावर पाण्याचा फवारा सोडू नये, कारण पाणी त्याला ऊब देते आणि वाफ वाढवते? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. एक अर्ज, दहा रुपये शुल्क. आपण रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी अर्ज करतो, तसा ह्याचाही करा. क्लीव्हलँडच्या लोकांना विचारायला कोणी शिकवले नव्हते, आणि त्यांच्या घराखालून गटार जात होते.

आम्हा कामगारांकडेही बोट दाखवतो. सुरक्षा समितीच्या बैठकीला आमचा प्रतिनिधी जातो, चहा पितो, आणि कार्यवृत्तावर सही करून येतो. बोनसच्या वाटाघाटीला जेवढी तयारी करून जातो, त्याच्या चौथाई तयारीने येथे गेला तरी पुष्कळ होईल. जाताना मागच्या सहा महिन्यांचे लॉगबुक वाचून जा. जो आकडा वर चढत गेला असेल त्यावर बोट ठेवून विचारा, हा का चढला? उत्तर मिळाले नाही तर, "विचारले, उत्तर मिळाले नाही," असे त्याच कार्यवृत्तात लिहायला लावा. आणि ज्याने खरा आकडा लिहिला म्हणून त्याच्यावर कारवाई झाली, त्याच्या पाठीशी सगळी युनियन उभी राहिली पाहिजे. एकदा तो एकटा पडला की पुढची दहा वर्षे कोणी खरा आकडा लिहीत नाही.

ह्या महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. रविवारची सुटी, दुपारची विश्रांती, ह्यांबरोबर कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा, अशी मागणी त्या निवेदनात होती, आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या होत्या. त्यांतल्या कित्येकांना लिहिता येत नसेल, त्यांनी अंगठे उठवले असतील. पण कामावरची जखम ही कागदावर आली पाहिजे, ती सांगोवांगी विरून जाता कामा नये, हे त्या माणसांना समजले होते. तोवर गिरणीत बोट तुटले तर ते त्या माणसाचे नशीब होते. कागदावर आले तेव्हा तो प्रश्न झाला.

मला शिकवणारी शाळा फार थोडी लाभली. वाचायला लागलो ते कायद्याची पुस्तके आणि अपघातांचे अहवाल. त्या अहवालांत एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन:पुन्हा येते: हे आधी कोणाला तरी ठाऊक होते. टाकीच्या तळाचा तडा ठाऊक होता, मनोऱ्याचा गंजलेला नळ ठाऊक होता, माणसे थकली आहेत हे ठाऊक होते. ज्याला ठाऊक होते त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याच्यापर्यंत ते पोचले नाही, किंवा पोचूनही त्याने फाईल मिटली. नोंदवही हा ह्या दोघांमधला पूल आहे. तो पूल खरा बांधायचा, त्यावरून वाईट बातमीला निर्भयपणे जाऊ द्यायचे, आणि पलीकडे ती ऐकणारा माणूस बसवायचा, ही तिन्ही कामे कामगाराची, मालकाची आणि सरकारची आहेत. ती होत आहेत की नाहीत हे पाहण्याचे चौथे काम आपणां नागरिकांचे आहे.